दिव्याची पेटी

११ जानेवारी १९६०. गिरणी बंद होती. दगडांना टाकी द्यायला पाथरवट आला होता. वरचा दगड उलटा करून तो छिन्नीने खाचा पाडत बसला होता आणि मी खालच्या खाचखळग्यांत साचलेलं जुनं पीठ झाडून काढत होते. हे पीठ कुणा एकाचं नसतं. पेडगावच्या ज्वारीचं, रेशनच्या गव्हाचं, कुणाच्या चोरून दळलेल्या तांदळाचं. सगळं एकत्र होऊन राखाडी झालेलं असतं. म्हशीला चालतं.

गिरणी बंद असली की बायका फिरकत नाहीत, पुरुष येतात. त्या दिवशी आबाराव आले. आबाराव म्हणजे आमच्या वॉर्डाचे मेंबर आणि कापसाच्या जिनिंगचे मालक. पाथरवटाला "चालू दे, चालू दे" म्हणाले, पोत्यावर टेकले, आणि धोतराला पीठ लागलं तरी झटकलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की यांचं काम मोठं आहे.

"काय वैनी, यंदा काय इचार हाय?"

"कशाचा?"

"बलदियाचा. विलेक्शन लागायलंय. आमी तर बसलो आता. गुडघे ऐकंनात. तुमी उभं ऱ्हावा."

"आणि तुमचा थोरला? तो उभा राहतोय म्हणतात."

"ते लेकरू हाय अजून. त्येचं काय धरायचं."

"लेकराला दोन लेकरं आहेत, आबाराव."

ते मोठ्याने हसले. हसताना त्यांचे डोळे हसत नाहीत, ते मी पूर्वीच पाहून ठेवलं आहे. "उद्या सांगते," म्हटलं आणि पुन्हा झाडायला लागले.

हैदराबाद गेलं, मुंबई आली, आता महाराष्ट्र येणार म्हणतात. नगरपालिकेला आमचे लोक अजून निजामाच्या काळातला शब्द वापरून बलदियाच म्हणतात. पौष आला, हवेत हुरड्याचा धूर आला, पाटीवाल्या बोरं आणि हरभऱ्याचे घाटे घेऊन दारावर ओरडू लागल्या, की मला दुसरं काही आठवत नाही. पहिल्या निवडणुकीचा तो हंगाम आठवतो. त्या वर्षीही निवडणूक संक्रांतीच्या पाठोपाठच आली होती. एका हाताने तिळगूळ द्यायचा आणि दुसऱ्या हाताने मत मागायचं. गोड बोला असं सगळे सांगत होते, आणि सगळेच इतकं गोड बोलत होते की कुणाचंच खरं वाटू नये.

आधीच वहिमाचे दिवस होते. पोलीस ॲक्शन होऊन फार काळ लोटला नव्हता. रझाकारांच्या वेळी दार वाजलं की आधी फटीतून पाहायचं, ही सवय लागली ती गेली नव्हती. नंतर वेगळी सवय लागली. त्या दिवसांत कोण कुणाच्या घरी लपलं, कुणी कुणाचं नाव सांगितलं, कुणाची जमीन कुणाच्या हाती गेली, हे तोंडाने कुणी विचारायचं नाही आणि मनात मात्र प्रत्येकाने ठेवायचं. गिरणीच्या ओळीत उभ्या राहिलेल्या बायका दळणाकडे बघत आहेत असं दिसायचं, बघायच्या एकमेकींकडे. पट्ट्याच्या फटफटीत बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गिरणीत लोक जास्त बोलतात. मी तिथेच सगळं शिकले. कुठल्या बाईवर किती विश्वास ठेवायचा ते मी तिच्या बोलण्यावरून ठरवत नाही. दळण घेताना डबा कसा बघते त्यावरून ठरवते. जी पीठ हाताने चाचपून बघते, तिला मी मानते.

मी उभी राहिले ती कशासाठी, ते सरळच लिहिते. तेव्हा कुणी ते बोलत नव्हतं आणि अजूनही चारचौघांत बोलत नाहीत. जिनिंगच्या मागे ओढ्यापर्यंत बाभळीचं रान होतं. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका दिवस उजाडायच्या आत तांब्या घेऊन तिकडे जायच्या. दुसरी जागा नव्हती. पोटुशी बाई, तापातली बाई, नवी सून, सगळ्या तिथेच. उजाडलं की संध्याकाळपर्यंत दम धरायचा. कितीतरी जणी दुपारी पाणी पीत नसत, त्याचं कारण उपास नव्हतं. ही जागा बलदियाची. आबारावांना ती कापसाच्या गंज्या लावायला भाडेपट्ट्यावर हवी होती. ठराव मेंबरांनी करायचा होता. मला तिथे चार भिंती हव्या होत्या, झाडायला माणूस हवा होता, आणि ते शक्य नसेल तर निदान बाभळी तरी राहायला हव्या होत्या. इतकंच. समाजसेवेची मला हौस नाही; माझ्या दोन मुली त्याच रानात जात होत्या.

आणि गंमत अशी की मला उभं राहायला सांगायला पहिल्यांदा आले ते आबारावच. तेव्हाही असेच पोत्यावर बसले होते.

"वैनी, बायामाणसानं फुडं आलं पायजे. आता सवराज्य हाय."

ते गेल्यावर मी आमच्या ह्यांना विचारलं, "हे मला का उभं करतायत?"

हे इंजिनाच्या चाकाशी वाकले होते. म्हणाले, "वकीलसाहेब उभे आहेत. बायका वकिलाला देतील. तू त्यांची मतं खाशील, आबाराव निवडून येतील. त्यांचा असा हिशेब आहे."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं इंजिनात पाणी कमी आहे."

आमच्या घरात राजकारणावर इतकीच चर्चा झाली. मी विचार केला, त्यांच्या हिशेबाने उभं राहायचं आणि आपल्या हिशेबाने लढायचं. अर्ज भरला. चिन्ह घ्यायची वेळ आली तेव्हा आबाराव कचेरीच्या ओट्यावर होतेच. त्यांनी शिडी घेतली होती, वकिलांनी तराजू. मी तक्त्याकडे बघत होते. मागून म्हणाले, "बाईमाणसाला दिवाच शोभतो वैनी. दिवा घ्या." मलाही तो बरा वाटला. दिवा काढायला सोपा. गेरूने भिंतीवर एक पणती आणि वर एक ज्योत, पोरींनाही जमतं.

आबारावांनी परभणीहून भोंगा आणून टांग्यावर बांधला. चौकात खरीखुरी शिडी उभी केली आणि तिला आंब्याची डहाळी बांधली. वकीलसाहेब सभा घ्यायचे आणि घटनेवर बोलायचे. मी काय बोलणार? चौकात उभं राहून परसाकडेच्या जागेचं नाव घेता येत नव्हतं. म्हणून मी हळदीकुंकू केलं. एकाच घरी नाही, रोज नव्या घरी. माजघरात सतरंजी, बायकांची दाटी, ऊस, गाजराचे तुकडे, ओल्या हरभऱ्याचा वास, नव्या सुगडांना येणारा मातीचा वास. दार लोटून घेतलं की मी विषय काढायची. आधी तोंडाला पदर जायचा, मग एखादी खुदकन हसायची, आणि मग एकेक जण बोलायला लागायची ते थांबायची नाही. साप निघालेला, पावसाळ्यात पाय घसरलेला, जिनिंगचे हमाल मुद्दाम रानाकडच्या कठड्यावर बसतात ते. मी ऐकायची आणि शेवटी सांगायची, "दिव्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. विसरायचं नाही."

माझ्या सगळ्यात पुढे असायची जनाबाई. धुणंभांडी करायची, आवाज खणखणीत. दिव्याचं चित्र तिने देवघरात चिकटवलं होतं. "आमी सगळ्या तुमालाच देतोत काकू. जी देणार न्हाई तिच्या दारी मी पानी भरनार न्हाई."

आणि सगळ्यात मागे, दाराशी बसायची खैरूनबी. बांगड्या भरणारी. तिला कुंकू लावत नसू, पण वाण देत असू. पोलीस ॲक्शननंतर तिच्या गल्लीतली कितीतरी घरं बंद झाली होती. ती राहिली होती. राहिली म्हणून आमच्या लोकांना तिचा वहीम, आणि आमच्या बायकांचे हात धरून बांगड्या भरते म्हणून तिच्या लोकांना. आबारावांच्या घरीही ती बांगड्या भरायला जायची. जनाबाई मला म्हणायची, "ही हितलं ऐकती अन् तितं सांगती. हिला वाण देऊ नका." मी वाण देत राहिले, पण ती असली की बोलणं आवरतं घ्यायची. माणसाच्या टोपलीत बांगड्या किती आणि बातम्या किती हे वरून कळत नाही.

मतदान शाळेच्या खोलीत होतं. त्या वेळी पद्धत अशी होती की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र. हातात एक चिठ्ठी द्यायचे, पडद्याआड एकट्याने जायचं आणि हव्या त्या पेटीच्या फटीतून चिठ्ठी आत टाकायची. आम्हा उमेदवारांना आत जायला मनाई. मी समोर लिंबाखाली बसून होते. बायकांची रांग मी अजून विसरलेले नाही. जरीकाठी लुगडी, डोक्यात शेवंती, हातात काहीतरी झाकून नेलेलं. मला वाटलं लग्नाला निघाल्यासारख्या निघाल्या आहेत, बरं आहे. आत जाताना माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, बाहेर येताना हात जोडत होत्या. जनाबाई तर पहिलीच. बाहेर येऊन म्हणाली, "झालं बगा. तुमचा दिवा लागला."

आमची रांग सरल्यावर आबारावांची माणसं आली. एकेक करून आत जात होती. मला इतकंच वाटलं की हे आत फार वेळ लावतात. चिठ्ठी टाकायला कितीसा वेळ लागतो?

पेट्या फुटल्या. मी पडले. सपाटून पडले. वकीलही पडले. शिडी आली.

पडल्याचं मला दुःख झालं असं लिहायला हवं. मला आधी राग आला आणि लगेच हिशेब सुचला. रांगेत इतक्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पेटीत त्यांच्या निम्म्याही चिठ्ठ्या नव्हत्या. म्हणजे निम्म्या खोटं बोलल्या. कोणत्या? त्यानंतर मी गिरणीत प्रत्येकीचा चेहरा त्या नजरेने बघायची. जी जास्त गोड बोलेल ती जास्त संशयित. जनाबाईवरही वहीम आला. तिच्या मुलाला जिनिंगमध्ये काम लागलं होतं. आणि खैरूनबीचं तर मी धरूनच चालले होते.

तीच एके दिवशी दुपारी आली. माझ्या धाकटीला बांगड्या भरायला. मुलीचा हात चोळता चोळता, मान वर न करता म्हणाली, "काकी, गुस्सा करू नका तर एक बात सांगू? तुमची पेटी रिकामी नवती. पेटीच्या ऊपर भरी थी."

"म्हणजे?"

"म्हंजे देऊळ. हळद, कुकू, फूल, तांदूळ. अन् चिठ्ठ्यांचा ढीग. सगळ्या बाया ऊपर ठेवून गेल्या. मी बोल्ली, हे काय, वोट है का नैवेद?"

मी जनाबाईला हाक मारली. ती पाणी भरून येत होती, तशीच हंड्यासकट आत आली.

"जने, तू चिठ्ठी कुठे टाकलीस?"

"टाकली? टाकीन कशी? ठेवली की. दिव्याला हळदकुकू लावलं, पाया पडले अन् म्होरं ठेवली."

"फटीतून आत नाही टाकलीस?"

"अवो काकू, दिव्याच्या अंगात काय कोंबायचं असतंय का?" ती माझ्याकडे अशी बघत होती की मीच काही भलतं बोलले. "मागची आली, तिनं कुकू बगितलं, तिनंबी तसंच केलं. सगळ्यांनीच केलं. लय साजरं दिसायलं होतं."

मी तिला इतके दिवस 'पेटीत' म्हणत होते. तिने 'दिव्याला' ऐकलं होतं. पडद्याआड अंधारात समोर दिव्याचं चित्र, त्याला पहिल्या बाईने लावलेलं कुंकू. मग दुसरं काय होणार? देवाजवळ जे न्यायचं ते पुढे ठेवायचं असतं, हे आमच्यातल्या लहान मुलीलाही माहीत आहे. एकीच्याही मनात खोट नव्हती. त्यानेच मला जास्त राग आला. खोटेपणाशी मला वागता येतं.

मग मी खैरूनबीला विचारलं, "पेट्या फोडल्या तेव्हा वर काहीच नव्हतं. हळदसुद्धा पुसलेली. ढीग गेला कुठे?"

तिने बांगडी चढवली, मुलीच्या मनगटावर हात फिरवला. "मी तर दुपारी गेल्ती. मेरे बाद में कौन आया, ते तुमी झाडाखाली बसून बगितलं ना?"

आबारावांची माणसं, जी फार वेळ लावत होती. मी पुरावा नाही म्हणून कुणापुढे बोलले नाही, आजही नाव घेऊन आरोप करत नाही. पण शिडीच्या पेटीत किती चिठ्ठ्यांना हळद लागली होती, हे मोजणाऱ्यांना दिसलं असणार. कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

खैरूनबीची स्वतःची चिठ्ठी कोणत्या पेटीत पडली, हे मात्र मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल.

पुढे ठराव झाला. जिनिंगमागचं रान पट्ट्यावर गेलं, तारेचं कुंपण आलं, बाभळी तुटल्या. ओढ्याकाठची एक पट्टी राहिली. एवढ्या बायका एवढ्याशा पट्टीत. पहाटे एकमेकींना ओळख न दाखवता बसायचं आणि परतायचं. माझ्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, एक पूर्ण्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आहे. तिथे संडास आहे हे बघूनच मी स्थळ पसंत केलं होतं. लोकांना वाटतं नोकरी बघितली. पण जनाबाईची सून आता त्या पट्टीवर जाते, आणि तीही पट्टी आबारावांच्या थोरल्याला सरकीच्या गोदामासाठी हवी आहे. ती गेली की मग ओढ्याचं पात्र, आणि ओढ्याला पावसाळ्यात पाणी असतं.

म्हणून 'उद्या सांगते' म्हटलं, तरी माझं उत्तर ठरलेलं होतं. मला फक्त एवढं कळत नव्हतं की आबाराव मुलाच्या विरुद्ध मला का उभं करत आहेत. ते त्यांनीच सांगितलं. जाताना उंबऱ्याशी चपला घालता घालता, भिंतीला हात टेकून, अगदी सहज म्हणाले, "अन् वैनी, चिन्ह दिवाच घ्या बरं का. बायांच्या वळखीचं हाय."

पाथरवट ठोकत होता. मी सूप खाली ठेवलं. इतकी वर्षं मी त्या माणसाला संशयाचा थोडा फायदा देत होते: बोलून गेले असतील, त्यांना तरी कुठे ठाऊक होतं. पहिल्या खेपेला नसेलही ठाऊक. या खेपेला होतं: बायांनी चिठ्ठ्या दिव्यापुढे ठेवायच्या आणि त्या थोरल्याच्या पेटीत जायच्या. पेट्या यंदाही ज्याच्या त्याच्या, वेगळ्याच असणार होत्या.

तिन्हीसांजेला खैरूनबीला बोलावून घेतलं. जनाबाई होतीच. तिघी चुलीपुढे बसलो आणि चिन्हं काढली.

"सूप घ्या," जनाबाई म्हणाली.

"सुपात वाण देतेस तू. आणि त्याला कुंकू कोण लावतं?"

"मग जातं?"

"लग्नात पहिली हळद जात्याला."

"कुऱ्हाड?"

"दसऱ्याला पुजतेस."

"हीर?"

"बाळंतीण सव्वा महिन्याने कुठे जाते?"

"बैलगाडी घ्या मग."

"पोळ्याला गाडीला काय करता?"

जनाबाई चिडली. "म्हंजे ज्याला आमी हात जोडत न्हाई असं काय घरात हायच का न्हाई?"

खैरूनबी भिंतीला टेकून बसली होती. ती हसत होती, पण तोंडावर पदर धरून. मग तिने खुंटीकडे बोट केलं. तिथे ह्यांची छत्री लटकत होती, दोन काड्या मोडलेली.

"छत्री को कौन पुजता, काकी? आपल्या कामाची, बस."

जनाबाईने बराच विचार केला. छत्रीचा कोणता सण आहे ते आठवून पाहिलं. मग नाइलाजाने म्हणाली, "हिला काय कुकू लावावं वाटत न्हाई."

"मग हिच्या पेटीचं काय करशील?"

"फटीतून आत टाकीन. दुसरं काय करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी पायरीवर होते. अर्ज भरला. कारकुनाने तक्ता पुढे केला आणि म्हणाला, "बाई, दिवा मोकळा आहे."

"राहू द्या मोकळा," म्हटलं आणि छत्रीवर बोट ठेवलं.

तिथून बाजारात गेले आणि एक नवी काळी छत्री घेतली. कडक थंडी होती, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. दुकानाच्या पायरीवरच ती उघडली आणि आबारावांच्या दारावरून, रस्त्याच्या मधोमध, घरी चालत आले. ओट्यावर त्यांची सून धान्य निवडत बसली होती.

"काकू, ऊन तापलं न्हाई, पानी न्हाई, छत्री कामून?"

"बघून ठेव," मी म्हटलं आणि दांडा दुसऱ्या खांद्यावर घेतला.